आज्जीचं माहेर धरणाखाली गेलंय, पाणी उतरल्यावर दिसतं म्हणतात. न्यावं का? कसं जायचं?

सिडकोकर:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आज्जी, वडिलांची आई, वय ७६. तिचं माहेर अप्पर वैतरणा धरणात गेलं. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण आमच्या भाऊबंदकीतली निम्मी जनता इथे पडीक असते. आज्जी लग्न होऊन नाशकात आली आणि त्यानंतर काही वर्षांनी गाव उठलं, म्हणजे घरं मोडताना, सामान बैलगाडीत भरताना ती तिथे नव्हतीच, शेवटची गेली ती कुठल्यातरी दिवाळीला. त्यामुळे ती अजून "आमच्या गावाला असं असतं" असंच बोलते, "असायचं" म्हणत नाही. लहानपणी मला वाटायचं गाव आहे कुठेतरी, आपणच जात नाही.

आता झालं असं की गेल्या आठवड्यात तिचा एक भाचा लग्नाची पत्रिका द्यायला आला आणि चहा पिता पिता सहज बोलून गेला की आत्या, यंदा पाणी लई खाली गेलंय, मारुतीचं जोतं उघडं पडलंय. झालं!! तेव्हापासून रोज सकाळी मी ब्रश करत असतानाच बाथरूमच्या दाराशी उभी, "कधी जायचं?"

बाबा म्हणतात कशाला, चार दगड बघून रडत बसेल, बीपी वाढेल, तिथे डॉक्टर कुठे शोधणार. आई म्हणते ने. मी मधल्यामधे.

तर प्रश्न असे आहेत, कधी गेलं म्हणजे नक्की दिसेल, गाडी कुठपर्यंत जाते (आमची साधी वॅगनआर आहे), परवानगी लागते का, आणि मुख्य म्हणजे अशा माणसाला न्यावं का. कुणी आपल्या घरच्यांना असं नेलं असेल तर प्लीज सांगा.

गाळपेर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, बाकीच्यांची देतो. दर उन्हाळ्यात त्या बाजूला दोनतीन चकरा असतात माझ्या, पक्षी बघायला.

कधी जायचं हे "मे महिन्यात" असं ढोबळ ठरवू नका, पाण्याची पातळी बघा. आणि त्यासाठी नाशिकच्या बातम्यांपेक्षा मुंबईच्या बघा, हे ऐकायला विचित्र वाटेल पण अप्पर वैतरणा आहे आपल्या जिल्ह्यात आणि पाणी जातं मुंबईला, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हा एक. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या पेपरात सातही तलावांचा तक्ता येतो, त्यात अप्पर वैतरणाची ओळ शोधायची. भरलेलं धरण म्हणजे ६०३.५१ मीटर, आणि ५९५.४४ ला नेहमीचा वापराचा साठा संपतो. म्हणजे भरलेलं ते रिकामं यात फरक जेमतेम आठ मीटरचा, पण काठ इतका सपाट आहे की एक मीटर उतरलं तरी पाणी लांब मागे सरतं. टक्केवारी बघू नका, तिच्यावरून काही कळत नाही, मीटर बघा. त्या भाच्याला विचारा की जोतं नेमकं कुठल्या तारखेला दिसलं, त्या दिवसाची पातळी जुन्या बातमीत सापडेल, तो झाला तुमच्या गावाचा आकडा. एकदा मिळाला की दरवर्षी कामाला येतो.

जितकं उशिरा जाल तितकं जास्त दिसेल, पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यावर जाऊ नका. त्या भागात पाऊस सुरू झाला की थांबत नाही आणि गाळाचा चिखल व्हायला एक सर पुरते. २०२४ च्या उन्हाळ्यात मुंबईसाठी राखीव साठ्यातलं पाणीसुद्धा काढायची वेळ आली होती, तेव्हा बरंच काही उघडं पडलं होतं.

दुसरं म्हणजे घरी बसून आधी गूगल अर्थ उघडा, कॉम्प्युटरवर, मोबाईलवर नको. त्यात जुन्या तारखांचे फोटो बघायची सोय आहे, एप्रिल-मे चे फोटो काढून बघा, घरांचे चौकोन, शेताचे बांध, गाडीवाट, सगळं वरून ओळखू येतं. गाडीवाटेचा तर पांढरा पट्टा दिसतो. आज्जींना स्क्रीन दाखवा, वरून बघायची सवय नसेल म्हणून पटकन कळणार नाही, पण नदी कुठे हे दाखवलं की बाकीचं त्या सांगतील.

आणि गाळ. हे नीट वाचा. वरून वाळून भेगा पडलेल्या असतात, टाईल्स लावल्यासारखं दिसतं, आणि पाण्याजवळ त्याच टाईल्सखाली रबडी असते. मी स्वतः मांडीपर्यंत गेलोय, बूट अजून तिथेच आहे. गुरंही रुततात. जिथे गुरांच्या खुरांचे ठसे वाळलेले आहेत तिथूनच चालायचं, आणि पुढचा माणूस काठी टेकवत. जुन्या विहिरी अर्ध्या गाळाने भरलेल्या असतात, कठडा राहिलेला नसतो, त्यामुळे घरांच्या मागच्या अंगाला जपून.

नाईकवाडीकर:

वर सगळी माहिती बरोबर आहे. रस्त्याचं मी सांगतो. नाशिकहून दोन वाटा, एक मुंबई हायवेने घोटी आणि घोटीतून उजवीकडे वैतरणा, दुसरी त्र्यंबकहून पहिने मार्गे. म्हातारं माणूस सोबत असेल तर घोटीवरून जा, पहिन्याची वाट दिसायला भारी पण वळणं आणि शनिवार-रविवारी पब्लिक. वॅगनआर काठाच्या शेवटच्या पाड्यापर्यंत आरामात जाईल, पुढे गाळात घालू नका, ट्रॅक्टरला दोन हजार देऊन बाहेर काढलीये मी माझी.

परवानगी म्हणाल तर भिंत, दरवाजे, पॉवर हाऊस इकडे फिरकायचं नाही, मोबाईल पण बाहेर काढायचा नाही, तिथे वॉचमन असतो आणि तो बरोबर असतो. मागच्या बाजूला काठाने चालायला आम्हाला कधी कुणी अडवलं नाही. तरी पाड्यावर आधी कुणाला तरी भेटा, कुणाच्या पाहुण्या आहात ते सांगा.

ड्रोनवाला_निखिल:

भाई लोकेशन टाक ना, कंटेंट भारी आहे, अबँडन्ड गाव + धरण म्हणजे रील कन्फर्म व्हायरल. ड्रोन मी आणतो.

खुरसणी:

निखिल, धरणावर ड्रोन उडवून बघ, पुढचं कंटेंट पोलीस स्टेशनात मिळेल. आणि "अबँडन्ड" म्हणजे सोडून दिलेलं. कुणी सोडून नाही दिलं रे.

मी त्याच काठावरची. माझे आजोबा उठलेले. हे असले व्हिडिओ पाहिले की माझं डोकं फिरतं म्हणून जरा लांबड लावते, ज्यांना नको त्यांनी पुढे जा.

धरण पूर्ण झालं १९७३ ला. आपल्या राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा आला १९७६ ला. तीन वर्षं! तेवढ्याने हुकलं. आमच्या लोकांना जे काही झालं ते इंग्रजांच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, म्हणजे जमिनीची किंमत ठरवायची, हातात रोख द्यायची, सही नाहीतर अंगठा, रामराम. जमिनीला जमीन द्यावी, गावाला गावठाण द्यावं हे नंतरचं. आजोबांना जे पैसे मिळाले त्यात आत्याचं लग्न झालं आणि एक बैलजोडी आली आणि त्यातला एक बैल पहिल्याच पावसाळ्यात मेला. भाताची खाचरं गेली पाण्यात, वरकस तेवढी राहिली, म्हणजे नागली-वरई-खुरसणी काढा आणि खा.

आणि आज मी माहेरी गेले की धरण ओट्यावरून दिसतं, रात्री चंद्र पडलेला दिसतो त्याच्यात, आणि एप्रिलपासून वहिनी टँकरची वाट बघत हंडे मांडून बसते. नाशिककर दरवर्षी जायकवाडीला पाणी सोडू नका म्हणून मोर्चे काढतात, बरोबरच आहे, पण वैतरणेसाठी कुणी मोर्चा काढलेला मी तरी पाहिला नाही. गोदावरी आणि वैतरणा दोघी त्र्यंबकच्याच डोंगरातल्या, एक पूर्वेला गेली म्हणून भांडण, दुसरी पश्चिमेला गेली, वीज करून मुंबईच्या नळाला लागली, तिचं कुणाला काय.

सिडकोकर दादा, तुमच्यावर राग नाही. आज्जीला न्याच. पण एक, रिकाम्या हाताने जाऊ नका. उठताना लोकांनी देव नेले पण सगळे नेता येत नाहीत, शेंदराचे तांदळे, सतीचे, वीराचे दगड तिथेच राहिले. आमच्याकडे पाणी उतरलं की घरटी एक माणूस जाऊन नारळ फोडून येतं. आज्जीला विचारा, तिला माहीत असेल काय न्यायचं ते. आणि तिथून दगड, खापर, काहीही उचलून आणू नका, शोकेसमध्ये ठेवायला म्हणून लोकांनी जात्याच्या तळ्या नेल्यात.

ड्रोनवाला_निखिल:

सॉरी ताई, माहीत नव्हतं. पोस्ट काढू का?

खुरसणी:

राहू दे.

पणजीवाला_पुणेकर:

थोडं अवांतर. सासुरवाडी गोव्याची असल्याने सांगेतलं कुर्डी पाहिलंय, साळावली धरणात गेलेलं. तिथे मे महिन्यात पाणी उतरलं की उठलेले लोक वाडे, वाल्किणीहून परत येतात, सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, चॅपेलवाल्यांचा वेगळा दिवस, जेवणंखाणं, माणसं आपापल्या घराच्या जागी सतरंजी टाकून बसलेली. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हेच गाव, त्यांच्या घराच्या भिंती लोक दाखवतात. सांगायचा मुद्दा, तिथे म्हातारी माणसं रडताना मी कमी पाहिली आणि भांडताना जास्त. तुझा बांध इथे नव्हता, तुमचा फणस आमच्या हद्दीत होता. पन्नास मीटरवर पाणी आणि हे हद्दीवरून भांडतायत. तेव्हा बीपीची काळजी त्या अंगाने करा.

आपल्याकडे भाटघरला वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ, उजनीत पळसदेवचं, ही पण अशीच वर येतात. तुमच्या जिल्ह्यात चांदोरीला गोदावरीच्या पात्रातली देवळं आहेतच.

सिडकोकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, खुरसणीताई विशेष. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी गाडीत हवा भरून आणली. शनिवारी जातोय. गूगल अर्थचा प्रयोग सपशेल फसला, आज्जी म्हणाली हे काय चामडं आहे का, पण नदी दाखवल्यावर बोट ठेवलं एका जागी आणि म्हणाली इथं धुणं.

गाळपेर:

म्हणजे फसला नाही.

सिडकोकर:

जाऊन आलो. मोठं लिहितोय, माफ करा.

पहाटे साडेपाचला निघालो, आज्जी चारपासून नेसून तयार, पिशवीत नारळ, अगरबत्ती, पुरणाच्या पाच पोळ्या आणि एक प्लास्टिकची पाण्याची बाटली जी प्यायला द्यायची नव्हती, ती कशाला ते नंतर कळलं. आम्ही घडीची खुर्ची घेतली होती, ती फार उपयोगी पडली, जाणाऱ्यांनी नक्की घ्या. घोटीत चहा. शेवटच्या पाड्यावर भाचा आणि त्याचा मुलगा थांबलेले. मुलगा पुढे काठी टेकवत, मागे आज्जी बाबांच्या हाताला धरून, मागे मी खुर्ची डोक्यावर घेऊन.

तिथे पोचल्यावर पहिले दहा मिनिटं काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही, राखाडी गाळ, भेगा, मधे मधे दगडांच्या ओळी गुडघ्याएवढ्या. लाकूड एक नाही. भाचा म्हणाला उठताना लोकांनी वासे, आढी, दारं, कौलं सगळं सोबत नेलं होतं, दगडच तेवढे राहिले. बाबा माझ्याकडे बघायला लागले, बघ मी म्हटलं होतं असं. मारुतीचं जोतं दाखवलं, तिथे तिने नारळ फोडला, हात जोडले, पण ओळखीचं काही चेहऱ्यावर नाही. मला पोटात कसंतरी व्हायला लागलं.

मग तिने खाली बघायचंच सोडलं. वर बघायला लागली. समोर दोन डोंगर आहेत एकापुढे एक, तर म्हणे आमच्या ओट्यावरून मागच्या डोंगराचं फक्त नाक दिसायचं, इथून सबंध तोंड दिसतंय, म्हणजे इथं नाही. आणि चालायला लागली, डोळे डोंगरावर, पायाखाली काय आहे बघत नाही, पोरगा धावत पुढे काठी टेकवतोय. थोडं डावीकडे, थोडं खाली, परत मागे. मागचा डोंगर हळूहळू पुढच्याच्या आड जात गेला आणि नाकाएवढा उरला तेव्हा थांबली. म्हणाली खुर्ची टाक.

खुर्ची टाकली तर पायाशी दगडाची ओळ होतीच, पण तशा सगळीकडेच होत्या, त्यामुळे मला वाटलं समाधान करून घेतेय. तिने चपलेच्या टाचेने गाळ उकरायला घेतला, मग भाच्याने काठीने, आणि वीतभर खाली जमिनीत बसवलेलं दगडाचं उखळ निघालं. गच्च भरलेलं, वाळलेल्या गाळाने आणि त्यात बोटाच्या नखाएवढे पांढरे शिंपले. तिने खुर्चीतून उतरून अंबाड्यातला आकडा काढला आणि कडेकडेने गाळ सोडवायला बसली. अर्धा तास. कुणाला हात लावू दिला नाही. मग ती बाटली काढली, नाशिकहून आणलेलं नळाचं पाणी, आणि उखळ धुतलं. समोर अख्खं धरण! मी म्हटलं आज्जी इथलंच पाणी घेतलं असतं की, तर म्हणाली ह्या पाण्यानंच तर भरलं ना ते.

रडली नाही. उलट "कुणी बाई माती भरली ह्यात" असं रागावून दोनदा म्हणाली, जशी काही शेजारीण करून गेलीये. पोळ्या उखळाच्या कडेवर ठेवल्या, नंतर आम्हीच खाल्ल्या.

खड्ड्यात नेटवर्क नाही, म्हणून परत येताना मारुतीच्या उंचवट्यावरून तिच्या धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. ही धाकटी आज्जी गाव उठताना तिथे होती, तेव्हा आठ-दहा वर्षांची. मला वाटलं आता दोघी हळव्या होणार, मी रेकॉर्डिंग पण लावलं. आणि पुणेकर, तुम्ही म्हणालात तेच झालं. आमची म्हणते दार नदीकडे होतं, ती म्हणते मारुतीकडे. "आक्का, तू लग्न होऊन गेल्यावर दादांनी दार फिरवलं." "कशाला फिरवतील, वारा कुठनं येतो ठाव नाय तुला." वीस मिनिटं!! बाबा म्हणाले पुरे, ऊन झालं. शेवटी धाकटी म्हणाली मला काय सांगतेस, ते दार आमच्या गोठ्याला लावलंय अजून, येऊन बघ. तर आमची, "दार घेऊन गेलीस म्हंजी दिशा बी घेऊन गेलीस व्हय गं?"

बीपी संध्याकाळी मोजलं, नॉर्मल. बाबांचं वाढलेलं होतं.

निखिल, फोटो टाकत नाही रे, समजून घे. गाळपेर, तुमचा आकडा वहीत लिहून ठेवलाय. खुरसणीताई, काही उचलून आणलं नाही, शिंपले पण तिथेच ठेवले.

आता पुढच्या रविवारी गोठ्यातलं दार बघायला जायचं ठरलंय. उखळापासून ती जिथे दार होतं म्हणते तिथपर्यंत निघता निघता तिने पावलं मोजली आणि माझ्याकडून मोबाईलमध्ये लिहून घेतली, साडेसात.

गाळपेर:

साडेसात कुणाची, तुमची का त्यांची?

सिडकोकर:

तिची. चप्पल काढून.